सार्वजनिक वास्तूंवर प्रकाशझोताने आभार मानावेत का?

नीलमोहर (धागालेखिका):
२०२० च्या टाळेबंदीत, १२ एप्रिलला म्हणजे ईस्टरच्या रात्री, रिओ द जानेरोतील ख्रिस्ताच्या ३० मीटर उंच पुतळ्यावर प्रकाशझोताने डॉक्टरांचा पांढरा डगला चढला आणि गळ्यात स्टेथोस्कोप उमटला. त्याच सुमारास गेरी हॉफस्टेटर हे प्रकाशकलावंत स्वित्झर्लंडमधील मॅटरहॉर्न शिखरावर धीराचे शब्द आणि देशोदेशीचे ध्वज उमटवत होते. त्यांत आपला तिरंगाही होता. आपल्याकडे ३ मे रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर नौदलाची जहाजे कोरोनायोद्ध्यांच्या सन्मानार्थ उजळली. माझे म्हणणे असे की, ही रीत साथीपुरती न ठेवता आपण कायमची करावी, आणि ती समोरच्या जहाजांवर नव्हे तर थेट वास्तूवर, मराठीत, कामांची नावे घेऊन पाळावी. गेटवेच्या माथ्यावर २ डिसेंबर १९११ रोजी राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी भारतात उतरल्याची नोंद इंग्रजीत कोरलेली आहे. ज्या दगडाने एका राजाच्या आगमनाची आठवण जपली, त्याच दगडावर वर्षातून एक रात्र ‘सफाई कामगार’, ‘परिचारिका’, ‘आशा सेविका’, ‘लाइनमन’ ही अक्षरे उमटली, तर ही वास्तू आता कोणाची आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

पहाटवारा:
नीलमोहरताई, आपल्या भावनेबद्दल मला शंका नाही, परंतु आपण दिलेले उदाहरणच आपल्या विरोधात जाते असे मला वाटते. राजाचे नाव छिन्नीने कोरले गेले आणि कामगाराचे नाव मात्र उजेडाने लिहायचे, तेही दिवे मालवेपर्यंतच.

माझी आई आशा सेविका आहे. त्या उन्हाळ्यात ती घरोघरी जाऊन ताप आलेल्यांची आणि बाहेरगावाहून परतलेल्यांची नोंद वहीत करत असे. तिच्याजवळचा एकुलता एक कापडी मास्क ती रोज रात्री धुऊन चुलीवरच्या दोरीवर वाळत घाली आणि सकाळी तोच, कधी कधी दमटच, बांधून निघे. परतल्यावर न्हाणीघरातून आल्याशिवाय माझ्या धाकट्या भावाला ती जवळ येऊ देत नसे. तिला ओवाळले गेले, गुलाबाचे फूल मिळाले, प्रशस्तिपत्र मिळाले. भत्ता मात्र कित्येक महिने थकला. पुढे १५ जून २०२१ पासून राज्यातील सुमारे ७० हजार आशा सेविका संपावर गेल्या, तेव्हा कुठे दरमहा १ हजार रुपयांची मानधनवाढ आणि ५०० रुपयांचा कोविड भत्ता पदरात पडला. ‘मानधन’ या शब्दातच मान आधी आणि धन नंतर आहे, आणि आमच्या घराचा अनुभव असा की मान दिला की धनाचा विषय मागे पडतो. म्हणून मला या रोषणाईची धास्ती वाटते.

काळापाषाण:
केवळ तांत्रिक बाजू नोंदवतो. प्रकाशझोतासाठी दगडात खिळा ठोकावा लागत नाही की दोर बांधावा लागत नाही, त्यामुळे जुन्या वास्तूला फलकापेक्षा तो पुष्कळ बरा. गेटवेचा बेसॉल्ट दगड पिवळसर असल्याने त्यावर अक्षरे उठतील. आपल्या किल्ल्यांचा काळा दगड मात्र उजेड गिळतो, तेथे फार प्रखर प्रक्षेपक लागतील आणि खर्चही तसाच वाढेल.

टेम्सकाठ:
मी लंडनमध्ये परिचारिका आहे. येथे २६ मार्च ते २८ मे २०२० असे सलग दहा गुरुवार रात्री आठ वाजता लोक दारांत आणि खिडक्यांत उभे राहून आमच्यासाठी टाळ्या वाजवत होते, आणि वेम्बलीच्या कमानीसह अनेक वास्तू निळ्या उजेडात न्हाल्या होत्या. रात्रपाळीला जाताना बसच्या काचेतून असा एक निळा मनोरा पाहून मला रडू आले होते. ते अश्रू खोटे नव्हते, आणि त्या रात्री मला त्यांचा आधारही झाला. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सरकारने आमच्यासाठी १ टक्का वेतनवाढ सुचवली. १५ डिसेंबर २०२२ रोजी रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या आमच्या परिचारिकांच्या संघटनेने आपल्या इतिहासातील सर्वांत मोठा संप पुकारला, तेव्हा टाळ्यांनी बिले भरता येत नाहीत हे वाक्य आमच्यात सर्वांच्या तोंडी होते.

नीलमोहर:
टेम्सकाठ, आपण सांगितलेल्या त्या वाक्यातच मला माझी बाजू सापडते. टाळ्या वाजल्याच नसत्या, तर त्यांचा हवाला तुम्ही कोणाला दिला असता? चारचौघांत मानलेले आभार ही लिहून दिलेली हुंडी असते. ती देणाऱ्याला नाकारता येत नाही.

पहाटवारा, आपल्या आईंची हकिगत वाचून मी माझ्या प्रस्तावात एक बदल करते. ज्या संस्थेकडे कामगारांचे एक रुपयाचेही देणे थकलेले असेल, तिला वास्तू उजळण्याची परवानगी मिळू नये. आधी देणे चुकते करावे आणि मगच दिवा लावावा. एवढी अट घातली, तर आपला विरोध राहील का?

पहाटवारा:
ताई, हुंडी वटली पाहिजे, एवढेच मी म्हणत होते, आणि ही अट लेखी असेल तर माझा निम्मा विरोध संपला. उरलेला निम्मा वेळेबद्दलचा आहे. रात्री आठ ते दहा ही वेळ फिरायला आलेल्यांची आणि छायाचित्रे काढणाऱ्यांची असते. ज्यांचे आभार मानायचे ते तेव्हा कामावर तरी असतात किंवा दुसऱ्या दिवशीच्या पाळीसाठी झोपलेले असतात. म्हणून अक्षरे पहाटे पाच वाजता उमटावीत, म्हणजे झाडू घेऊन त्या चौकात आलेल्या बाईला मान वर करून ती अंधारातच वाचता येतील. मी आईला हे विचारले. ती म्हणाली, “अक्षरं मोठी काढायला सांग, चष्मा घरी राहतो.”