‘संभाव्य’ हा शब्द कोठे गळाला? मंगळावरील खुणा, धूमकेतूंचे पाणी आणि घोषणांची घाई

रावपुरेकर:
यंदा कोजागिरीला आमच्या गच्चीवर दूध आटत असताना शेजारच्या आठवीतील मुलाने मला ठणकावून सांगितले, की मंगळावर जीव सापडला आहे. प्रत्यक्षात जेझेरो विवरातील ‘चेयावा फॉल्स’ नावाच्या खडकावर पर्सिव्हरन्स यानाला बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके दिसले, त्यांत व्हिव्हियानाइट हे लोह-फॉस्फेट व ग्रेगाइट हे लोह-सल्फाइड असल्याची लक्षणे मिळाली, आणि पृथ्वीवरील चिखलात अशी खनिजे पुष्कळदा सूक्ष्मजीवांमुळे तयार होतात. सप्टेंबर 2025 मध्ये नासाने यास ‘संभाव्य जैवखूण’ म्हटले. ‘संभाव्य’ तेवढे वाटेत गळाले. ज्याचा निकाल नमुना पृथ्वीवर आल्याशिवाय लागणार नाही, त्याची जाहीर घोषणा करूच नये, असे माझे मत आहे. अंटार्क्टिकात मिळालेल्या, मंगळावरून आलेल्या उल्केत प्राचीन जीवांच्या खुणा असल्याच्या दाव्याबद्दल 1996 साली खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बोलले होते, आणि तो दावा बहुतेक संशोधकांनी पुढे मान्य केला नाही.

विश्वामित्रीकाठ:
आपल्याशी मी सहमत नाही. खडकातील नमुना जुलै 2024 मध्ये घेतला गेला आणि निष्कर्ष तज्ज्ञांच्या तपासणीनंतर वर्षभराने छापला गेला. याला घाई म्हणता येत नाही. धूमकेतूंचेच पाहा. रोझेटा यानाने 2014 साली 67पी धूमकेतूच्या वाफेतील, पाण्याचा उगम ओळखण्याची खूण मानले जाणारे जड हायड्रोजनचे (ड्युटेरियमचे) प्रमाण आपल्या समुद्रांच्या तिपटीहून अधिक मोजले, आणि पृथ्वीवरील पाणी धूमकेतूंनी आणले ही कल्पना जवळजवळ मोडीत निघाली. मात्र तीच मोजमापे सर्वांसमोर असल्यामुळे 2024 साली ती नव्याने तपासता आली, आणि धूमकेतूच्या जवळील धुळीमुळे आकडा फुगला होता, असे लक्षात आले. निष्कर्ष कपाटात ठेवले असते, तर ही चूक कोणी शोधली असती?

रावपुरेकर:
शोधली, हे खरे. पण मधली दहा वर्षे आम्ही मुलांना काय शिकवले? प्रबंध छापण्यास माझी हरकत नाही, हरकत व्यासपीठाला आहे. 2024 मध्ये नासानेच सांगितले होते, की नमुने परत आणण्याचा खर्च 11 अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि ते 2040 पूर्वी येणार नाहीत. पैशाची अशी ओढाताण चालू असताना केलेल्या घोषणेकडे मी थोड्या संशयाने पाहतो.

प्रयोगशाळेतील जुना नोकर:
दोघांनीही एक बाजू सोडली आहे. मी रसायनशास्त्र शिकवत असे, म्हणून विचारतो: मंगळावर कार्बनी द्रव्य सापडले, तर ते मंगळाचेच कशावरून? 19 ऑक्टोबर 2014 रोजी सायडिंग स्प्रिंग धूमकेतू मंगळापासून सुमारे 1 लाख 40 हजार किलोमीटरवरून, म्हणजे चंद्र आपल्यापासून आहे त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावरून गेला, आणि त्याच्या धुळीतील सोडियम, मॅग्नेशियम व लोह यांचे आयन मंगळाभोवती फिरणाऱ्या मेव्हन यानाला तेथील वातावरणात आढळले. (आपले मंगळयान तेथे पोहोचून तेव्हा महिनाही झाला नव्हता.) ग्लायसीन हे अमिनो आम्ल तर 67पीवरही मिळाले आहे. अब्जावधी वर्षे आकाशातून असा माल पडत असताना, मार्च 2025 मध्ये मंगळावरील क्युरिऑसिटी यानाच्या नमुन्यात जाहीर झालेल्या डेकेन ते डोडेकेन या कार्बनच्या लांब साखळ्यांचा उगम सांगणे अवघड आहे.

विश्वामित्रीकाठ:
मान्य, परंतु चेयावा फॉल्सचा मुद्दा केवळ कार्बनचा नाही. तेथे कार्बनी द्रव्य, लोह, फॉस्फरस आणि गंधक एकाच ठिकाणी आहेत व त्यांच्यात अभिक्रिया घडलेली दिसते. धूमकेतू कच्चा माल टाकील, ठिपके रेखणार नाही.

प्रयोगशाळेतील जुना नोकर:
ठिपके जीवाशिवायही उमटू शकतात. मात्र तसे होण्यास बरीच उष्णता लागते आणि हा खडक तितका तापलेला दिसत नाही, एवढेच जीवाच्या बाजूने आहे.

रावपुरेकर:
हे ‘एवढेच’ त्या मुलाला कसे सांगावे, ते कोणी सुचवील काय? रविवारी त्याला कमाटीबागेतील तारांगणात नेणार आहे.