ट्रम्पेटचा 'रे' चढा लागतोय, तिसरी स्लाइड जाम आहे. नाशिकमध्ये कुणाकडे नेऊ?

नमस्कार मंडळी,

भद्रकालीतली एक जुनी बँड पार्टी बंद झाली. त्यांच्या सामानातला एक ट्रम्पेट माझ्याकडे आलाय. मेरठचा माल, बी-फ्लॅट. बेलवरचा (पुढच्या कर्ण्यावरचा) शिक्का पुसत आलाय, वळणावर दोन पोचे आहेत, पण आवाज खणखणीत. नाशिक म्हटलं की लोकांना फक्त ढोल आठवतो, म्हणून इथे विचारतोय. आसपास ट्रम्पेट वाजवणारं कुणी सापडत नाही.

अडचण अशी. एकही बटण न दाबता सा लावला की पेटीच्या काळी पाचशी बरोबर जुळतो. वरचा प आणि तार सा पण ठीक. पण पहिलं आणि तिसरं बटण दाबून मधल्या सप्तकातला रे घेतला की चांगलाच चढा लागतो. ओठ सैल सोडून ओढला तर खाली येतो, पण मग आवाज घोगरा होतो. माझ्या फुंकेचा दोष आहे की वाद्यच बेसूर आहे?

तिसरी स्लाइड, म्हणजे तिसऱ्या बटणाची सरकती नळी, जागची हलत नाही, सांध्यावर हिरवा कळंक चढलाय. भांडी बाजारातल्या तांबटाला दाखवू का? की सरळ पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानात जाऊ? बँडची पोरं पिस्टनला (बटणांखालच्या दट्ट्यांना) खोबरेल लावायची, तेही चालतं का ते सांगा. आणि ऐकायला काय काय आहे? मला फक्त 'लग्नाचा ट्रम्पेट' माहीत आहे.

*

काळी पाच:

दोष तुमचा नाही, वाद्याचाही नाही. तो रे सगळ्या ट्रम्पेटवर चढाच असतो.

दुसरं बटण सूर अर्ध्याने उतरवतं, पहिलं पूर्ण सुराने, तिसरं दीड सुराने. प्रत्येक बटण तेवढ्या लांबीची जास्तीची नळी वाटेत आणतं. पण ही लांबी ते बटण एकटं दाबलं असं धरून कापलेली असते. पहिलं दाबल्यावर एकूण नळी आधीच लांब झालेली असते, आणि लांब नळीचा सूर दीड सुराने उतरवायला जास्त तुकडा लागतो. तिसऱ्याची नळी तेवढी नसते, म्हणून सूर वरच राहतो. यासाठीच तिसरी स्लाइड हलती ठेवतात. बऱ्याच ट्रम्पेटवर तिला डाव्या हाताच्या बोटासाठी कडी असते. रे आला की स्लाइड बाहेर ढकलायची, सूर उतरला की परत आत. तुमची जाम आहे, म्हणून सगळा भार ओठांवर पडतोय.

जाता जाता: तार सप्तकातला मोकळा ग पेटीपेक्षा किंचित उतरलेला लागेल. तो मात्र सुधारत बसू नका. तो निसर्गाचा ग आहे, तानपुऱ्यात ऐकू येतो तोच. खोटं पेटी बोलते.

स्लाइड काढायला पक्कड अजिबात लावू नका. सांध्यावर गंज सोडवणारं पातळ तेल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी बाहेरच्या नळीला हेअर ड्रायरची ऊब द्या. मग स्लाइडच्या वाकात सुती नाडी ओवा, तिसरं बटण दाबून धरा आणि सरळ रेषेत झटके द्या. बटण दाबलं नाही तर आत हवा अडकते, स्लाइड सुटली तरी बाहेर येत नाही. स्लाइडचे दोन्ही पाय सारखे बाहेर यायला हवेत, एक पुढे गेला तर थांबा.

तांबटाकडे फक्त बेलचे पोचे न्या, तेही समोर उभं राहून. आपल्या तांबटांचा हात चांगला आहे, पण सवय हंड्या-कळशीच्या पत्र्याची. पिस्टनच्या नळीला ठोका बसला की बटण कायमचं अडकलं म्हणून समजा.

*

देवळालीवाला:

लष्करी बँडमध्ये हयात गेली. खोबरेल बंद करा! २४ अंशांच्या खाली ते थिजतं. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे काय होतं ते निफाडकरांना विचारा. पिस्टन अर्ध्यात अडकून बसतात आणि पोरं म्हणतात वाद्य खराब. पिस्टनसाठीचं खास व्हॉल्व्ह ऑइलच घ्या, ते मिळेपर्यंत शिलाई मशीनचं पातळ तेल थेंबभर.

तेलाआधी अंघोळ घाला. पिस्टन काढताना त्यांवरचे १, २, ३ आकडे बघून ठेवा, अदलाबदल झाली तर फुंक पुढे जात नाही. कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण. कढत पाणी नको, लॅकर (पितळेवरचा चमकदार लेप) सुटतं. पिस्टनला ब्रासो लावणाऱ्याला आमचे बँडमास्तर मैदानाला फेरी मारायला लावायचे.

*

गंगापूररोडकर:

ऐकण्याचं मी सांगतो. सुरुवात घरातूनच करा. 'अलबेला' (१९५१), संगीत सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचा माणूस. त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवाला होता, तो आणि त्याचा बँड या सिनेमात पडद्यावरही दिसतो. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.

मग खुद्द आर्मस्ट्राँग, अमेरिकन जॅझचा ट्रम्पेटवाला: 'वेस्ट एंड ब्लूज', १९२८. सुरुवातीला साथीशिवाय एकटा ट्रम्पेट वाजतो. तेवढाच तुकडा आधी पुन्हा पुन्हा ऐका.

आणि तिथलाच दुसरा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याचा अल्बम 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९). जॅझ डोक्यावरून जातं म्हणणाऱ्या आमच्या गाणाऱ्या मंडळींना मी त्यातलं 'सो व्हॉट' ऐकवतो. ती सरळ सरळ काफी थाटाची स्वरावली आहे, कोमल ग, कोमल नि. मधले आठ बार (बार म्हणजे चार मात्रांचा गट) फक्त सा अर्धा सूर वर सरकतो आणि परत जागेवर येतो. माइल्स स्वर कमी वापरतो आणि जागा सोडतो. नवशिक्याने भराभर वाजवणाऱ्यांच्या आधी त्यालाच ऐकावं, असं माझं मत. पटणार नाही अनेकांना.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर प्रॅक्टिस म्यूट (बेलमध्ये बसवायचं, आवाज दाबणारं बूच) घ्या. पण रोज त्यातच वाजवू नका, फुंक कोंडल्यासारखी होते आणि सूरही थोडे सरकतात.

*

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. नाडीने काम केलं, स्लाइड सुटली! बाहेर काढून वाजवला तर रे पेटीत विरघळला. धोबी तलाव तूर्त रद्द. पण माझ्या ट्रम्पेटला कडीच नाही, वाजवताना ढकलू कशी?

*

काळी पाच:

बोटाच्या रुंदीहून थोडी कमी बाहेर काढून तशीच ठेवा, रे पेटीवर तपासून. मग कोमल ग आणि कोमल ध, म्हणजे दुसरं-तिसरं बटण, थोडे उतरतील. तिथे ओठ जरा आवळा. कडी नंतर डाख देऊन लावता येईल, ते काम चांदीचं डाखकाम करणाऱ्याला जमेल, पण स्लाइड सुटी काढूनच द्या. तोवर भूप किंवा दुर्गा वाजवा. त्यात कोमल स्वरांची भानगडच नाही.