अनुभव धागा : ८९–८९ ची ती पावणेचार मिनिटं तुम्ही कुठे आणि कशी पाहिलीत?

धागाकर्ती, पुणे

२० जून २०१६, सोमवार, पहाटेचे साडेपाच. टीव्हीचा आवाज अगदी बारीक, कारण आतल्या खोलीत आजी झोपली होती. बाबा आणि मी सतरंजीवर. तिकडे ओकलंडला अजून रविवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, म्हणजे एनबीएच्या, फायनल्सचा सातवा आणि शेवटचा सामना, गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्स.

वॉरियर्सनी त्या मोसमात ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते. फायनल्समध्येही ते ३–१ ने पुढे होते, आणि तिथून मालिका ओढून आणणं तोवर कुठल्याच संघाला जमलं नव्हतं. कॅव्हेलिअर्सनी लागोपाठ दोन जिंकून ३–३ केलं. सहा सामन्यांची बेरीज काय, तर दोघांचेही ६१० गुण!

बाबा कॉलेजच्या संघातून खेळलेले. दर थोड्या वेळाने मला म्हणायचे, "चेंडू सगळेच बघतात गं. तू थॉम्प्सनचे पाय बघ." मी बघायचा प्रयत्न करायचे आणि पुन्हा चेंडूमागे जायचे. शेवटच्या क्वार्टरची ४ मिनिटं ३९ सेकंद उरली असताना वॉरियर्सच्या त्याच क्ले थॉम्प्सनने ले-अप (रिंगजवळ जाऊन हलकेच टाकलेला शॉट) टाकून ८९–८९ केलं, आणि तिथून जवळजवळ पावणेचार मिनिटं कुणालाच एक गुण मिळाला नाही. आजी कधी उठून दारात येऊन उभी राहिली, आम्हाला कळलंसुद्धा नाही.

तेव्हा मला एवढंच वाटलं की सगळे घाबरलेत, म्हणून चुकतायत. नंतर तो सामना इतक्या वेळा पाहिला, तेव्हा कळलं की त्या मिनिटांमध्ये किती काय चाललं होतं. तुमच्याकडूनही तेच ऐकायचंय. तेव्हा काय दिसलं, आणि नंतर काय उमगलं? हाच सामना हवा असं नाही, पण ज्यांनी हा पाहिलाय त्यांनी नक्की लिहा.

नागपूरचा कोच

मी शाळेच्या मुलांना शिकवतो. सामना बघताना मांडीवर वही असते, सवयच आहे ती. त्या दिवशी सामना संपल्यावर वहीतली बेरीज करायला बसलो आणि आधी माझाच विश्वास बसेना.

वॉरियर्सचे थ्री (रेषेबाहेरून टाकलेले तीन गुणांचे शॉट) ४१ पैकी १५ गेले, कॅव्हेलिअर्सचे २५ पैकी फक्त ६. म्हणजे ४५ गुण विरुद्ध १८. नुसत्या थ्रीमध्ये क्लीव्हलँड २७ गुणांनी मागे. एवढ्यावर कुणीही म्हणेल, सामना वॉरियर्सचा. आता आतलं बघा. दोन गुणांचे बास्केट क्लीव्हलँडचे २७, वॉरियर्सचे १७. इथे २० गुण परत आले. फ्री थ्रो २१ विरुद्ध १०, आणखी ११. वीस आणि अकरा एकतीस, वजा सत्तावीस, राहिले चार. क्लीव्हलँड ९३, वॉरियर्स ८९.

हा हिशोब मी दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर करून दाखवतो. आजकाल पोरगं मैदानात पाऊल टाकत नाही तोच रेषेबाहेरून फेकायला लागतं, वॉरियर्सच्या स्टीफन करीला पाहून. करीने त्या मोसमात ४०२ थ्री टाकले होते, एमव्हीपीची (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूची) सगळीच्या सगळी मतं त्याला मिळाली होती. पण त्या रात्री १४ पैकी ४. त्याचा हात बिघडला होता असं मला वाटत नाही. तो स्क्रीनमागून (बचाव करणाऱ्याची वाट अडवून उभ्या राहिलेल्या साथीदारामागून) निघाला की त्याच्यासमोर प्रत्येक वेळी कुणीतरी उभा होता, कधी कधी क्लीव्हलँडच्या ट्रिस्टन थॉम्प्सनसारखा उंच सेंटरसुद्धा. क्लीव्हलँडने बिनधास्त स्विच केलं. आपला माणूस सोडून दुसऱ्याचा पकडायचा, तोही अर्ध्या सेकंदात आणि ओरडून सांगत. हे शिकवायला मला एकेका बॅचमागे दोन दोन वर्षं लागतात.

आणि वॉरियर्सचे पाय थकले होते. त्यांचा सेंटर बोगट पाचव्या सामन्यात जखमी झाला होता, सातव्यात तो नव्हताच. त्याच्या जागी आलेल्या एझेलीला क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने बाहेर ओढलं. आधी पंप फेक (शॉट टाकण्याचं नाटक) करून त्याच्याकडून फाउल काढला आणि तिन्ही फ्री थ्रो टाकले. मग लगेच त्याच्याच डोक्यावरून थ्री. ८७–८३ चं ८७–८९ झालं. माझ्या मते सामना तिथे फिरला. लोकांना लेब्रॉनचा नंतरचा ब्लॉक (हाताने अडवलेला शॉट) आठवतो, ठीकच आहे.

सांगलीहून, टेबलवरचा

मी स्पर्धांमध्ये टेबल ऑफिशियल म्हणून बसतो. शॉट क्लॉक, फाउल, स्कोअरशीट हे माझं काम, त्यामुळे माझी नजर थोडी वेगळीकडे असते.

ब्लॉकबद्दलच लिहितो. १ मिनिट ५० सेकंद उरली होती. क्लीव्हलँडच्या आयर्व्हिंगचा शॉट हुकला, वॉरियर्सच्या इगुडालाने रिबाउंड (हुकून परतलेला चेंडू) घेतला आणि तो पळाला. मध्ये करीला पास, करीकडून परत त्याला. समोर एकटा क्लीव्हलँडचा जे. आर. स्मिथ. आणि मागून लेब्रॉन जेम्स आला, कोर्टच्या पार दुसऱ्या टोकाकडून, आणि चेंडू बोर्डवर दाबला.

मी खुर्चीतून उठलो ते आनंदाने नाही. माझ्या मनात पहिला शब्द आला 'गोल टेंडिंग'. चेंडू रिंगच्या पातळीच्या वर बोर्डला आधी लागला आणि मग हात लागला, तर तो बास्केट धरला जातो, दोन गुण. हात आधी आणि बोर्ड नंतर, तर ब्लॉक. मध्ये किती वेळ असतो? डोळ्याची पापणी लवेल इतकासुद्धा नाही. रेफ्रींनी शिट्टी वाजवली नाही आणि ते बरोबर होतं. रिप्लेमध्ये हात आधी दिसतो.

मला त्या रेफ्रींबद्दल फार आदर आहे. सातवा सामना, बरोबरीचा स्कोअर, घरच्या संघाचे हजारो प्रेक्षक ओरडतायत, आणि शिट्टी तोंडात असताना न वाजवण्याचा निर्णय घ्यायचा.

ओहायोतून

तेव्हा आम्ही क्लीव्हलँडच्या एका उपनगरात राहत होतो. मूळची मी कोल्हापूरची, बास्केटबॉलचं मला काही कळत नव्हतं. शेजारचे आजोबा, सत्तरीच्या पुढचे, त्या रात्री आमच्याकडे आले, कारण त्यांना एकट्याने बघायचं नव्हतं. त्यांनी मला सांगितलं की शहराच्या कुठल्याही मोठ्या संघाने शेवटचं विजेतेपद मिळवलं ते १९६४ मध्ये, अमेरिकन फुटबॉलच्या ब्राउन्सनी. बावन्न वर्षं झाली होती.

त्यामुळे मी सामना फारसा पाहिला नाही, मी त्यांना पाहत होते. ८९–८९ असताना त्यांनी दोन्ही हातांनी चहाचा कप धरला होता आणि प्यायले नाहीत. ५३ सेकंद उरले असताना आयर्व्हिंगने करीच्या समोरून तो थ्री टाकला, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. शेवटी लेब्रॉन जमिनीवर पडून रडायला लागला आणि हे आमच्या सोफ्यावर. माझ्या सात वर्षांच्या मुलाने उठून त्यांना टिश्यूचा डबा नेऊन दिला.

बुधवारी मिरवणूक होती. १३ लाख लोक आले असतील असा अंदाज सांगत होते, आणि शहराची वस्ती चार लाखसुद्धा नाही. आम्ही त्यांना घेऊन गेलो. गर्दीत फार पुढे जाता आलं नाही, पण त्यांना तेवढं पुरलं. ते आता नाहीत. मुलगा शाळेच्या संघात खेळतो.

एक वाचक, नाशिक

हरलेल्या संघातल्या एका माणसाचीही नोंद इथे असू द्या. वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन. ३२ गुण, १५ रिबाउंड, ९ असिस्ट (ज्यावर साथीदाराने बास्केट केला असे पास), ८ पैकी ६ थ्री. पाचव्या सामन्यात त्याच्यावर बंदी होती, आणि मालिका तिथूनच निसटायला लागली. सातव्यात तो ज्या तऱ्हेने खेळला ते पाहताना माझ्या घशात आवंढा आला होता. लेब्रॉनचे २७–११–११ सगळ्यांना पाठ आहेत, हे आकडे कुणी सांगत नाही.

क्रीडाशिक्षिका, मुंबई

मी २०१६ चा सामना पाहिला नाही. पण ४ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये होते, म्हणून लिहिते.

एनबीएचे दोन संघ भारतात एकमेकांशी पहिल्यांदा खेळले तो दिवस. सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. मोसमापूर्वीचा सामना होता, गुणतक्त्यात धरला जाणारा नव्हता. पण त्या दिवशीचे प्रेक्षक म्हणजे ७० शाळांमधली सुमारे ३,००० मुलं! मी माझ्या शाळेच्या मुली घेऊन गेले होते. किंग्जचे मालक विवेक रणदिवे आपल्या मुंबईचेच, जुहूत वाढलेले, हे मी त्यांना बसमध्ये सांगितलं, तेव्हाच सगळ्यांनी ठरवून टाकलं की आपण किंग्ज.

प्रत्यक्ष मैदानात पहिली गोष्ट कळली ती आवाज. टीव्हीवर समालोचन असतं, त्यामुळे खेळाडू एकमेकांशी किती बोलतात हे आपल्याला कधी ऐकूच येत नाही. मुलं जरा शांत झाली की खाली बुटांचा करकर आवाज आणि बचाव करणाऱ्यांच्या हाका यायच्या. मागचा माणूस पुढच्याला सांगतोय, स्क्रीन डावीकडून येतेय. माझ्या मुली बचाव करताना गप्प असतात. चांगल्या घरातल्या मुलींनी ओरडू नये, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलंय की मैदानावरसुद्धा तोंड उघडत नाही. मी वर्षभर सांगून दमले होते.

सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्स १३२–१३१ ने जिंकले. एका गुणाने. मुली हळहळल्या, पण परत येताना बसमध्ये बोलणं वेगळंच चाललं होतं, कोण काय ओरडत होतं त्याचं. पुढच्या सरावाला आमची सगळ्यात अबोल मुलगी, सेंटर खेळते ती, एवढ्या मोठ्याने "स्विच!" म्हणाली की बाकीच्या जागच्या जागी थांबल्या आणि तिच्याकडे बघत राहिल्या. मग खेळ पुढे सुरू झाला.

नागपूरचा कोच

ताई, तुमचा अनुभव मी उद्या माझ्या मुलांना वाचून दाखवणार आहे. एक आठवण जोडतो. २०१६ मध्ये वॉरियर्सकडून शेवटच्या तीन सामन्यांत ३२ पैकी ५ शॉट ज्याचे गेले, तो हॅरिसन बार्न्स २०१९ मध्ये किंग्जच्या संघात होता. त्या मालिकेवरून लोकांनी त्याला फार बोल लावले. त्यानंतरही तो वर्षानुवर्षं एनबीएत टिकून खेळला.

धागाकर्ती, पुणे

तुमचं सगळ्यांचं वाचून काल रात्री सामना पुन्हा लावला. बाबाही बसले होते. यावेळी ठरवलं, त्या फास्ट ब्रेकमध्ये, म्हणजे ब्लॉकआधीच्या धावेत, लेब्रॉनकडे बघायचंच नाही. फक्त जे. आर. स्मिथ.

तो एकटा मागे राहिलाय, समोरून दोघं येतायत. इगुडालाने ले-अपसाठी चेंडू उचलला, स्मिथ आडवा उडी मारतो, आणि इगुडालाला हवेतच चेंडू त्याच्यापासून वळवून घ्यावा लागतो. तेवढा एक क्षण शॉट लांबला. लेब्रॉनला पोचायला तेवढाच लागला. मी तीनदा मागे घेऊन पाहिलं. इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

पुढे ५३ सेकंदांच्या आयर्व्हिंगच्या थ्रीआधीही स्मिथच आहे. त्याची स्क्रीन लागली, थॉम्प्सन अडकला आणि आयर्व्हिंगसमोर करी आला. बाबांना म्हटलं, "तुम्ही म्हणत होतात ते थॉम्प्सनचे पाय दिसले बघा." स्क्रीनला धडकल्यावर ते एक पाऊल थांबतात.

बाबा म्हणाले, "आता पुढची पझेशन बघ. केव्हिन लव्ह." क्लीव्हलँडचा लव्ह दुसऱ्या सामन्यात डोक्याला मार लागून बाहेर गेला होता, तिसरा खेळलाच नव्हता. बचावात तो कच्चा, असं सगळेच म्हणायचे. आणि तीन गुणांनी मागे असलेला करी नेमका त्याच्यासमोर आला. करी डावीकडे, हा डावीकडे. करी मागे, हा पुढे. हात वर, फाउल नाही. शॉट हुकला.

सांगलीकर, तुम्ही शॉट क्लॉक बघणारे, त्या पझेशनमध्ये लव्ह किती सेकंद करीसमोर टिकला ते मोजून इथे लिहाल का?