आखूड बाण म्हणजे बनावट बाण नव्हेत

अमेरिकेतल्या सू या आदिवासी लोकांचे आखूड, रंगीत बाण म्हणजे पर्यटकांच्या गळ्यात मारलेला बनावट माल, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे: मुलांचे बाण आणि विकायला केलेले बाण.

सूंपैकीच एक असलेल्या लाकोटांच्या मुलांना अगदी लहानपणीच बेताचं धनुष्य आणि बोथट बाण मिळत. पुष्कळदा वेगळं पातं नसे, काडीचंच टोक जाड ठेवलेलं असे. त्याने पोरं पाखरं, ससे टिपत. शिकारीचं शिक्षण तिथेच सुरू होई.

विकायचे बाण मुख्यतः नंतरचे. 1880 च्या दशकात बायसन, म्हणजे ज्यांच्या शिकारीवर ते जगत ते रानबैल, जवळजवळ संपले, माणसं राखीव प्रदेशात कोंडली गेली, पोट सरकारी शिध्यावर आलं. 1883 पासून बफेलो बिल या अमेरिकन माणसाचे ‘वाइल्ड वेस्ट’ नावाचे तमाशावजा खेळ सुरू झाले, पुढे पाइन रिज या राखीव प्रदेशातले कितीतरी लाकोटा त्यांत गेले. 1885 मध्ये लाकोटांचे प्रसिद्ध नेते खुद्द सिटिंग बुल त्या खेळांत होते आणि आपली सही पैसे घेऊन देत. अशा दिवसांत बाण विकून चार पैसे मिळवणाऱ्याला फसवा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. बाण त्याच हातांनी केलेला होता!

आणि केवळ रंगावरून निकाल देऊ नका. शिकारीचे बाणही रंगवत, कारण जनावर कोणाच्या बाणाने पडलं ते त्यावरून कळे. त्यापेक्षा बांधणी पाहा: पिसं आणि पातं स्नायुतंतूंनी घट्ट आवळलंय का, काडीवर लांब नागमोडी खाचा आहेत का.

बनावट म्हणायचं तर भलत्यानेच केलेला माल आदिवासींचा म्हणून खपवणाऱ्यांना म्हणा. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.