लाईट आली ती जास्त व्होल्टेजनेच, टीव्ही-फ्रिज सगळं गेलं, आता काय बसवू?

देवरुखकर_पुण्यात
नमस्कार मंडळी, गावी देवरुखजवळ आईबाबा दोघंच असतात, मी पुण्यात. परवा संध्याकाळी वळवाचा पाऊस, सोसाट्याचा वारा, लाईट गेली. थोड्या वेळाने आली तर आई म्हणते बल्ब नेहमीपेक्षा लख्ख पेटले, पंखा सुसाट सुटला आणि बघता बघता टीव्ही, सेट टॉप बॉक्स, वायफायचा अडॅप्टर गेला, फ्रिजच्या बोर्डातून धूर आला. शेजारी पण तेच, आणि समोरच्या घरात मात्र उलट, बल्ब मिणमिणते. टीव्हीला स्पाइक गार्ड होता, तोही आतून काळा झालाय. दुकानदार म्हणतो आणखी भारी घ्या. घेऊ का, की स्टॅबिलायझर लावू? पावसाळा तोंडावर आलाय, प्लीज सांगा.

जुना_वायरमन
दादा, हे आभाळातल्या विजेचं काम नाही, न्यूट्रल (करंट परत जायची वायर) तुटलाय. एका घरात लख्ख आणि समोर मिणमिणतं ही त्याची पक्की खूण. डीपीवरून (वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवरून) तीन फेज येतात, कुठल्याही एका फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास, आता मधला न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक, लागतात, मग ज्यांच्याकडे लोड कमी त्यांच्याकडे व्होल्टेज चढतं, ३०० काय ३५० पण जातं.
स्पाइक गार्डमध्ये नाण्याएवढी गोल चकती असते, एमओव्ही म्हणतात. ती क्षणभराचा झटका गिळते, सतत चढलेलं व्होल्टेज आलं की तापून फुटते, तुमची तीच काळी झालीय. एमसीबी पण अशा वेळी पडत नाही, तो जास्त करंटला पडतो, व्होल्टेजला नाही. तुम्हाला हवाय ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, मेन एमसीबीनंतर डीबीतच (घरातल्या एमसीबीच्या बोर्डातच) बसतो, २७० च्या आसपास गेलं की अख्खं घर तोडतो आणि व्होल्टेज नीट झालं की थोडं थांबून जोडतो. ४०० व्होल्ट आले तरी स्वतः टिकेल असाच बघून घ्या. आणि आईबाबांना आजच फोन करून सांगा, बल्ब लख्ख झाला किंवा पंखा पळायला लागला की पहिला मेन स्विच बंद, बाकी काही बघत बसायचं नाही.

मनाली_रत्नागिरी
काकांचं बरोबर, पण कोकणात विजांचं पण बघायलाच हवं. जवळ वीज पडली तर झटका मायक्रोसेकंदात येतो, तेवढ्यात तो प्रोटेक्टर किंवा स्टॅबिलायझरचा रिले हलत पण नाही, त्यासाठी डीबीत टाइप २ एसपीडी (असा झटका अर्थिंगकडे वळवणारा डबा) वेगळा लागतो. आणि लोक पिन काढतात पण डिशची केबल तशीच ठेवतात, झटका तिकडून पण येतो, ती पण काढायची. फायबरच्या काचेतून येत नाही पण राउटरचा अडॅप्टर काढायचाच. हे सगळं लांब गडगडायला लागलं तेव्हाच, डोक्यावर कडकडाट चालू असताना पिनेला हात लावू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आईबाबांच्या फोनवर टाकून द्या, आसपास विजा असतील तर कळतं.

देवरुखकर_पुण्यात
खूप आभार दोघांचे. एक विचारायचं राहिलं, घर जुनं आहे, अर्थिंगचा खड्डाच नाही. आधीच्या माणसाने थ्री पिनमध्ये अर्थिंगची पिन न्यूट्रललाच जोडून दिलीय, चालेल ना?

जुना_वायरमन
अजिबात नाही!! ते आधी काढा, बाकी सगळं नंतर. न्यूट्रल तुटला की त्याच वायरीतून फ्रिजच्या पत्र्यावर करंट येणार, आईने दार उघडायला हात लावला तर?? तोवर फ्रिज, गिझर, मिक्सर त्या सॉकेटवर लावूच नका.
लायसन्सवाल्याकडून स्वतंत्र अर्थिंग करून घ्या. तुमच्याकडे जांभा, उन्हाळ्यात पार कोरडा पडतो, त्यामुळे नुसता पाईप ठोकून भागणार नाही, खोल खड्डा, कोळसा-मीठ किंवा केमिकल अर्थिंग, आणि उन्हाळाभर त्यात पाणी घालायचं. काम झाल्यावर अर्थ टेस्टर लावून रीडिंग दाखवायला सांगा, ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम. मनालीताई म्हणतात तो एसपीडी पण झटका अर्थिंगमध्येच सोडतो, अर्थिंग नसेल तर तो नुसता डबा.

मनाली_रत्नागिरी
आणि एसपीडीची वायर फूट दीड फुटाच्या आतच ठेवायला सांगा, लांब गुंडाळून ठेवली तर अर्धा उपयोग जातो. त्यावरची खिडकी हिरवी असते, लाल झाली की बदलायचा.

देवरुखकर_पुण्यात
शनिवारी गावी जातोय, आधी ती न्यूट्रलची जोडणी काढतो. स्टॅबिलायझर मग नकोच ना?

जुना_वायरमन
व्होल्टेज नेहमी कमी येत असेल तर फ्रिजपुरता ठेवा. आणि डीपीवरचा न्यूट्रलचा जॉइंट तपासायला वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन वीज कंपनीकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तोंडी सांगितलेलं राहून जातं.