राजघराण्याचं वेड : तुमचे तरुणपणीचे अनुभव सांगा

माझी भाची अकरावीत आहे आणि सध्या तिला ब्रिटिश राजघराण्याचं वेड लागलंय. नुसते विल्यम-केटचे रील्स बघणं नाही हां, गादीचा क्रम तोंडपाठ, कोण कितवा, कुणाला कधी ड्यूक केलं, सगळं. परवा जेवताना तिने आम्हाला समजावलं की विल्यम-केटची शार्लट धाकट्या लुईच्या पुढे का, तर २०१३ च्या कायद्याने २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांत मुलगा-मुलगी हा भेद काढून टाकला, नाहीतर धाकटा भाऊ आल्या आल्या तिच्या पुढे जाऊन बसला असता. माझे बाबा, म्हणजे तिचे आजोबा, इतका वेळ ऐकत होते, ते एकदम म्हणाले, "आपल्या शाहू महाराजांचा राज्याभिषेक कधी झाला ते सांग बघू." कार्टीने सांगितलं, २ एप्रिल १८९४. आजोबांनी मुकाट भात कालवला.

पण मला खरंच कुतूहल आहे. ज्यांचं राज्य आपण घालवलं त्यांच्याच राजाराणीचं आपल्या पोरांना इतकं काय असतं? आणि फक्त हिचंच नाही, माझ्या बरोबरीच्या दोन मैत्रिणीही यातून गेल्यात. तुम्हाला असं वेड होतं का, कशाने लागलं, उतरलं का, लिहा. राजेशाही हवी की नको यावर वाद नको (होणारच आहे म्हणा).

टपालवेडा

होतं ना. आम्ही शाळेत तिकिटं जमवायचो. बाकी प्रत्येक देशाच्या तिकिटावर देशाचं नाव असतं, ब्रिटनच्या तिकिटावर नसतंच, तेव्हा फक्त राणीचं डोकं असायचं. जगातलं पहिलं तिकीट १८४० ला त्यांनीच काढलं म्हणून त्यांना ती सवलत. तेरा-चौदाव्या वर्षी मला हे इतकं भारी वाटायचं की विचारू नका, नाव लिहायची गरजच नाही, चेहरा बघा आणि ओळखा! काकांच्या ऑफिसात विलायतेहून पाकिटं यायची, त्यांचे कोपरे कापून आणायचे, कोमट पाण्यात टाकायचे, तिकीट आपोआप सुटून वर आलं की चिमट्याने उचलून वर्तमानपत्रावर पालथं वाळवायचं, घाई केली की दाते तुटायचे. १९६७ पासूनची ती मॅचिन सिरीज, सगळ्या रंगांत तोच एक चेहरा, लाल, निळा, तपकिरी. आम्ही मोठे झालो, टक्कल पडलं, तिकिटावरची बाई तेवढीच. मला वाटतं वेड कशाचं असेल तर त्या न बदलण्याचं. आता तिथे बारकोडवाली तिकिटं आलीत, रोजची ती जुनी साधी ३१ जुलै २०२३ नंतर टपालाला चालत नाहीत. अल्बममध्ये चालतात.

कात्रणवाली

माझं वेड डायना. १९८१ चं लग्न आम्ही टीव्हीवर वगैरे नाही बघितलं, आमच्याकडे टीव्हीच नव्हता, मासिकातली आणि पेपरातली कात्रणं शंभर पानी वहीत खळीने चिकटवलेली. त्या झग्याचा मागचा घोळ पंचवीस फूट होता हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलंय की बाईंनी एकदा फूटपट्टीने मोजून दाखवायला लावलं, वर्गाच्या दारातून बाहेर व्हरांड्यात गेला तो. आणि शपथ घेताना तिने नवऱ्याच्या नावांचा क्रम चुकवला होता, चार्ल्स फिलिपच्या ऐवजी फिलिप चार्ल्स म्हणाली, ते तर मला फारच आवडलं होतं. वीस वर्षांची मुलगी, जग बघतंय आणि नाव चुकतेय. मी तेव्हा अकराची होते. राजेशाही म्हणजे काय याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं, मला ती आवडत होती.

१९९२ च्या फेब्रुवारीत ती ताजमहालासमोर बाकावर एकटीच बसलेली तो फोटो आला, तोही वहीत लावला, पण त्याच वर्षी डिसेंबरात दोघं वेगळे होताहेत अशी बातमी आली आणि मग मी काही चिकटवलं नाही. सासरी आले तेव्हा वही माहेरीच राहिली. ३१ ऑगस्ट १९९७ ला ती गेली तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती, सासूबाई म्हणाल्या अगं कोण कुठली ती, तू का रडतेस. सांगता येईना. खरं सांगायचं तर अजूनही येत नाही.

खिंडीतला

वाद नको म्हणालात म्हणून वाद घालत नाही, फक्त एक तारीख सांगतो. २२ जून १८९७. व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्नर हाऊसमध्ये (आजचं विद्यापीठ) मेजवानी होती, आणि तिथून परतणाऱ्या रँडला चापेकरांनी गाठलं. प्लेगच्या वेळी घराघरांत घुसून जे केलं होतं त्याचा हिशोब. तिघे भाऊ फासावर गेले. माझा मुलगा कॉलेजला असताना रोज त्याच रस्त्याने बसने जायचा आणि कानात हेडफोन लावून २०२३ चा चार्ल्सचा राज्याभिषेक बघायचा, परत परत. मी त्याला काही बोललो नाही. बोललो असतो तर म्हणाला असता, बाबा, तो फक्त शो आहे. कदाचित असेलही. पण कोहिनूर कुठल्या मुकुटात बसवलाय तेवढं विचारा पोरांना.

धागाकर्ती

विचारलं. उत्तर आलं : त्या राणीआईच्या मुकुटात, टॉवर ऑफ लंडनला, १८४९ मध्ये लाहोरच्या तहात दहा-अकरा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून लिहून घेतलेला, आणि २०२३ ला कॅमिलाने तो मुकुट मुद्दाम घातला नाही, दुसरा घातला. वर "मावशी, आवडतं म्हणजे मी त्यांच्या बाजूने आहे असं नाही गं" असंही. मला हे वाक्य जरा ग्रेट वाटलं.

बडोदेकर

वेड राजाचंच पण आपल्या. आमच्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट, १९११ चा दिल्ली दरबार, पंचम जॉर्ज सिंहासनावर, एकेक संस्थानिक येऊन लवून तसेच मागे पावलं टाकत जाणार असा रिवाज, आणि सयाजीराव आले, एकदाच मान लववली आणि सरळ पाठ फिरवून चालायला लागले. गदारोळ झाला, पुढे त्यांना खुलाशाचं पत्र द्यावं लागलं, ते आजोबा सांगायचे नाहीत, ते मला नंतर वाचून कळलं. शाळकरी वयात तेवढी पाठ पुरेशी होती. मोठा झाल्यावर बाकीचं कळलं, १९०६ ला सगळ्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण, बाबासाहेबांना कोलंबियाला जायला शिष्यवृत्ती. माझं वेड काही उतरलं नाही, उतरायचं कारणही नाही. पण एक कबूल, चांगला राजा मिळाला हे प्रजेचं नशीब, शेजारच्या संस्थानात काय चाललं होतं ते विचारू नका.

रांगेतली

माझा अनुभव थोडा लांब आहे.

सप्टेंबर २०२२ ला मी लंडनमध्ये नोकरीला होते. ८ तारखेला राणी गेली. मी कॉलेजात असल्यापासून त्यांचं सगळं फॉलो करायचे, ओटीटीवरची मालिका दोनदा बघितलेली, मैत्रिणी मला चिडवायच्या. तर वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शवपेटी दर्शनाला ठेवली आणि रांग लागली, रांगेची लांबी यूट्यूबवर लाइव्ह दिसत होती, रांगेचं शेपूट कुठे आहे ते बघायचं आणि तिथे जाऊन उभं राहायचं, पार साउथवर्क पार्कपर्यंत. शुक्रवारी तर पार्क भरलं म्हणून काही तास नवीन माणसं घेणंच थांबवलं होतं. त्याच दिवशी बेकहॅम बारा तासांच्या वर रांगेत उभा होता, मध्ये न घुसता. मी शनिवारी संध्याकाळी लागले. मनगटाला रंगीत पट्टी बांधतात, त्यामुळे टॉयलेटला जाऊन परत आपल्या जागी येता येतं. आपल्याकडे पंढरपूरच्या दर्शनबारीत उभी राहिलेली मी, मला वाटलं हे काय अवघड. पण रात्री नदीकाठाने जो गारठा सुटला, देवा! माझ्यापुढे एक निवृत्त नर्स होत्या, मागे बापलेक. नर्सबाई म्हणाल्या की त्यांच्या आईने १९५३ चा राज्याभिषेक रस्त्यावर पावसात बसून पाहिला होता, आईच्या वतीने आलेय. मग कळलं की आजूबाजूचे निम्मे लोक कुणाच्या ना कुणाच्या आईबद्दलच बोलताहेत. राणीबद्दल फार कमी.

शेवटी पार्लमेंटच्या बागेत नागमोडी रांग, ती सगळ्यात जीवघेणी, समोर दार दिसतं आणि तुम्ही उलट दिशेने चालताय. मग विमानतळासारखी तपासणी, पाण्याची बाटली, चॉकलेट, लिप बाम सगळं टाकून द्यायचं. आत फोन काढायचा नाही. हॉल १०९७ सालचा, प्रचंड लाकडी छत, आणि इतकी शांतता की दर वीस मिनिटांनी पहारा बदलायचा तेव्हा काठी फरशीवर आपटायचे त्याने दचकायला व्हायचं. पेटीवर मुकुट, राजदंड, गोळा. माझी वेळ आली तेव्हा लोक मान लववत होते, कुणी क्रॉस करत होतं, माझे हात सवयीने जोडले गेले. तीन-चार सेकंद. बाहेर आले, सकाळ झाली होती, आईला फोन केला. आई म्हणाली, "आजीच्या बाराव्याला तुला रजा मिळाली नव्हती ना?"

त्यानंतर मी ते अकाउंट्स फॉलो करणं सोडलं असं नाही. पण आईला त्यातलं काही सांगत नाही.

खिंडीतला

@रांगेतली, आईंना माझा नमस्कार.

उपराच

उलटी बाजू सांगतो. मी २०२३ ला ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. टाउन हॉलमध्ये समारंभ असतो, भिंतीवर राजाचा फोटो, आणि उभं राहून म्हणावं लागतं की मी किंग चार्ल्स तिसरा, त्याचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी निष्ठावान राहीन. देवाची शपथ नको असेल तर नुसती प्रतिज्ञा करता येते, देव वगळता येतो, राजा नाही. मला मजा वाटली. लहानपणी आजीच्या पेटीतले राणीछाप रुपये लक्ष्मीपूजनाला चिंच लावून मीच घासायचो, तेव्हा ती राणी म्हणजे लक्ष्मीचीच कुणीतरी पाहुणी वाटायची. आणि आता ही प्रतिज्ञा.

माझी मुलगी चौदाची, तिथेच जन्मलेली, तिला यातलं काडीचं कौतुक नाही. "बाबा, आपण त्यांना पैसे देतो" हे तिचं पालुपद. मी तिला सांगायला गेलो की राजघराण्याला मिळणारं सरकारी अनुदान क्राउन इस्टेटच्या (राजाच्या नावावरच्या जमिनी-इमारतींच्या) नफ्याच्या प्रमाणात ठरतं, तर म्हणे तो नफा नाहीतरी सरकारचाच ना. २०२५-२६ ला तो आकडा १३ कोटी २१ लाख पौंडांवर गेला, आधी ८ कोटी ६३ लाख होता, हे तिनेच मला दाखवलं. तिच्या वर्गात पुण्याहून नवीन आलेली एक मुलगी आहे, ती मात्र राज्याभिषेकाच्या दिवशी पावसात राजवाड्यासमोरच्या 'द मॉल' रस्त्यावर जाऊन उभी होती, दोघींचं यावरून वाजतं. म्हणजे जिथे राजा आहे तिथल्या पोरांना नकोसा आणि लांबच्यांना हवासा. सर्वेक्षणांतही तिकडची तरुण मंडळी म्हाताऱ्यांपेक्षा बरीच थंड दिसतात.

समारंभात शेवटी राष्ट्रगीत झालं. निम्मा हॉल सवयीने 'क्वीन' म्हणाला, निम्मा 'किंग', आणि रजिस्ट्रारबाई हसू दाबत होत्या. मुलगी पाहुण्यांच्या खुर्चीत, तिने तोंड उघडलं नाही. आता भारतीय पासपोर्ट सरेंडर करून ओसीआय कार्डाचं (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) बघायचंय, हल्ली किती वेळ लागतो, कुणी नुकतं केलंय का?