स्वाहिली : 'सोमा', 'सोमेनी' आणि 'उसोमे'

प्रश्न : नोकरीनिमित्त टांझानियात दार-एस-सलामला जायचं आहे. पुस्तकात 'सोमा' म्हणजे 'वाच' आणि 'सोमेनी' म्हणजे 'वाचा' असं दिलंय. मग वडीलधाऱ्या एका माणसाला 'सोमेनी' म्हणायचं का?

उत्तर : नाही. 'नी' फक्त अनेकवचनाचा आहे. आपल्या 'वाचा'मध्ये आदर आणि अनेकवचन एकत्र नांदतात, स्वाहिलीत तसं नाही. 'सोमेनी' ऐकलं की समोर चारचौघं आहेत एवढंच कळतं.

आदर आणायचा तर क्रियापदाच्या शेवटचा 'आ' जाऊन 'ए' येतो आणि आधी कर्त्याचा प्रत्यय लागतो : एकाला 'उ' लावून 'उसोमे', अनेकांना 'म्सोमे'. मला हे थेट आपल्या विध्यर्थाच्या घरचं रूप वाटतं : 'आपण वाचावे', 'बसावे'. याच रूपात 'निएंदे?' म्हणजे 'मी जाऊ?'. नकारार्थी आज्ञाही याच रूपातून होते : 'उसिएंदे', जाऊ नका. अरबीतून आलेली पुष्कळ क्रियापदं मात्र शेवट बदलत नाहीत. 'जिबू' (उत्तर दे) याचं 'उजिबू' होतं. हा 'जिबू' आपल्या 'जवाब'चाच भाऊबंद.

एक सापळा आहे. 'निपे' (मला दे) यातही शेवटी 'ए' आहे, पण तो 'नि' म्हणजे 'मला' हे कर्म जोडल्यामुळे आलेला. आधी 'उ' नाही, म्हणून ही आज्ञाच. 'उनिपे' म्हटलं की ती मऊ होते. 'न्जोओ' (ये), 'नेंदा' (जा), 'लेते' (आण) ही अनियमित रूपं सरळ पाठ करा.

खरी गुरुकिल्ली 'नाओंबा'. 'ओंबा' म्हणजे मागणे, विनवणे. देवाची प्रार्थनासुद्धा याच धातूने होते. दुकानात 'नाताका माजी' (मला पाणी हवंय) रोखठोक वाटतं, 'नाओंबा माजी' शोभतं. मोठी विनंती असेल तर 'नाओंबा उनिसाइदिए', मला मदत करावी अशी विनंती. पुस्तकं 'तफधाली'वर (कृपया) भर देतात. तो शब्द बरोबरच आहे, पण 'निपे'ला नुसता तो चिकटवून भागवण्यापेक्षा मी 'नाओंबा' आधी शिकवेन.

पुरवणी : वडीलधाऱ्यांकडे काही मागण्याआधी 'शिकामोओ' हे आदराचं अभिवादन म्हणा आणि 'मराहाबा' हे उत्तर येऊ द्या. टांझानियात हे चुकवू नये. आल्या आल्या कामाचं बोलणं तिथे उद्धटपणाचं वाटतं, मग क्रियापद कितीही नम्र असो.